थंडी-पावसांतील कोंबड्या : ऊब हवी, पण कोंडमारा नको

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापूस, सोयाबीन व तूर यांच्या जोडीस मांसासाठीं कोंबड्या पाळण्याचा धंदा कित्येक शेतकऱ्यांनीं हातीं घेतला आहे. कंपनीनें पिल्लें, खाद्य व औषधें पुरवावयाचीं, आणि शेतकऱ्यानें घर, पाणी, वीज, तूस व मजुरी घालून सुमारें सहा आठवड्यांत पक्षी तयार करून द्यावयाचे, असा बहुधा करार असतो. उन्हाळ्यांत पक्षी उष्म्यानें मरतात हें सर्वांस ठाऊक असल्यानें त्याची तजवीज होते. परंतु श्रावणांतील झड व पौषांतील थंडी या वेळीं जें नुकसान होतें, त्याचा सारा दोष आम्ही आभाळास देतों. आमच्या मतें त्यांतील मोठा वांटा चोहोंकडचे पडदे घट्ट बांधून घेणाऱ्या आमच्याच हातांचा आहे.

प्रस्तुत लेखकानें हा धडा फी भरून घेतला आहे. कांहीं वर्षांमागें पौषांत आमच्याकडे आठवड्याचीं पिल्लें होतीं. वारा बोंचरा म्हणून पडदे तळापासून छपरापर्यंत बांधले, आंत लोखंडी पिपांत पऱ्हाटी पेटविली, आणि निश्चिंत होऊन निजलों. सकाळीं साठ-सत्तर पिल्लें मरून पडलेलीं. थंडीनें गेलीं असें समजून दुसऱ्या रात्रीं आणखी पऱ्हाटी घालणार, तोंच पशुवैद्यांनीं मेलेलीं पिल्लें फाडून दाखविलीं. रक्त लालभडक होतें. पिल्लें गारठ्यानें नव्हे, तर कोंडलेल्या धुरांतील विषारी वायूनें मेलीं होतीं. पऱ्हाटी आमच्या भागांत फुकटची, म्हणून जाळण्यास हरकत नाहीं. पण पिपास छपराबाहेर जाणारें धुराडें पाहिजेच.

धूर निदान दिसतो तरी. ओल दिसत नाहीं. पांच आठवड्यांचे एक हजार पक्षी दिवसाला सुमारें २५० ते ३०० लिटर पाणी पितात. त्यांतील थोडेंच देहांत राहतें. बाकीचें विष्ठेवाटे व श्वासावाटे त्याच घरांत बाहेर पडतें. पावसाचा एक थेंबही आंत न येतां घरांत रोज इतकें पाणी ओतलें जात असेल, तर तें जावें कोठें? हवेवांचून त्यास दुसरी वाट नाहीं. ती बंद केली कीं तूस भिजतें, त्याची खपली धरते, विष्ठा कुजून अमोनिया सुटतो. त्यानें डोळे चुरचुरतात, श्वासनलिका दुखावते व रोगांस दार उघडें होतें. ओल्या उबदार तुसांत रक्ती हगवणीचे जंतू जोर धरतात तें निराळेंच. शिवाय थंडीत पक्ष्यास प्राणवायु अधिक लागतो, आणि नेमक्या त्याच वेळीं आम्ही तो तोडतों. भराभर वाढणाऱ्या या जातींत त्यामुळें हृदयावर ताण पडून पोटांत पाणी होतें. यजमानाचें नाक मात्र दहा मिनिटांत वासास सरावतें, म्हणून घराबाहेरून येणाऱ्याच्या नाकावर अधिक विश्वास ठेवावा.

तेव्हां पडदा खालीं पक्का बांधून वरून उघडतां येईल असा करावा. छपराखालीं हातभर फट रात्रंदिवस राहूं द्यावी. गार वारा पिल्लांच्या अंगावर येत नाहीं, आणि दमट हवा हलकी असल्यानें वरून निघून जाते. ऊब हवी ती पिल्लांभोंवतीं पत्र्याचें कडें करून द्यावी; पहिल्या आठवड्यांत ३२ ते ३४ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्यास सुमारें तीन अंश कमी. साऱ्या घराची हवा तापविण्याच्या नादांत पैसा जातो व पक्षीही.

भाताचें तूस आमच्याकडे बाहेरून आणावें लागतें, म्हणून कोणी सोयाबीनचें कुटार पसरतात. तें कोरडें ठणठणीत असेल तर ठीक. बुरशी धरलेलें असल्यास पिल्लांचीं फुप्फुसें नासतात. मूठभर तूस दाबून पाहावें. मूठ उघडतांच त्याचा गोळा तसाच राहिला तर ओल फार झाली. चुना घालण्याचा प्रघात आहे. तो ओल शोषतो खरा, परंतु ओल्या तुसांत पडतांच अमोनिया अधिक सोडवितो. म्हणून चुना घालतांना पडदे उघडावे.

जागेविषयीं एकच सांगतों. काळ्या जमिनींत घर बांधूं नये. मुरमाड उंचवटा पाहावा व जोतें दोन फूट तरी घ्यावें. २२ जुलै २०२३ रोजीं महागाव तालुक्यांतील आनंदनगर तांड्यास पुरानें वेढिलें, आणि माणसें सोडविण्यास हवाई दलाचें हेलिकॉप्टर बोलवावें लागलें. नाल्याकांठची जागा सोयीची म्हणून निवडणाऱ्यानें हें विसरूं नये.

आतां कराराविषयीं. गारठलेला पक्षी खाल्लेल्या अन्नाचा कांहीं भाग मांसाऐवजीं उबेसाठीं खर्च करतो. कित्येक करारांत मात्र किलोमागें किती खाद्य लागलें यावरच शेतकऱ्याचा मेहनताना ठरतो, आणि सरपणही त्याच्याच पदरचें. म्हणजे ऋतूचा दंड एकट्या शेतकऱ्यास. हिंवाळी व पावसाळी तुकडीची तुलना त्याच ऋतूंतील तुकड्यांशींच व्हावी, आणि दर पिल्लामागें सरपणाची रक्कम करारांत लिहिलेली असावी, अशी मागणी करण्यांत कांहींच गैर नाहीं. निष्काळजी माणूस हवेच्या नांवाआड लपेल, असें कंपनी म्हणेल. तें अगदींच खोटें नाहीं. त्यास उत्तर वहीनेंच देतां येईल. घरांत कमाल-किमान तापमापक टांगावा, पण माणसाच्या डोळ्यांसमोर नव्हे, तर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर. आणि सकाळ-संध्याकाळचा आंकडा, मेलेल्या पक्ष्यांच्या संख्येशेजारींच, रोज मांडून ठेवावा.