पाकिटावर जिवाणूचे पूर्ण नाव हवे

अँटिबायोटिकच्या गोळ्यांसोबत प्रोबायोटिकचे पाकीट आता सर्रास हातात पडते. त्यावर ‘लॅक्टोबॅसिलस’ किंवा ‘बिफिडोबॅक्टेरियम’ लिहिलेले दिसले की ‘चांगले जिवाणू’ म्हणून आपण निर्धास्त होतो. पण ही झाली नुसती आडनावे. एका आडनावाखाली अनेक प्रजाती असतात आणि एकेका प्रजातीत वेगवेगळ्या गुणांचे वाण. ‘ई. कोलाय’चा एक वाण जर्मनीत औषध म्हणून दिला जातो, तर दुसऱ्याने रक्ती हगवण होते.

हा फरक जनुके वाचल्यावर उलगडतो. आईच्या दुधातल्या काही शर्करा बाळाला पचवता येत नाहीत. मग त्या असतात कशाला? २००८ मध्ये ‘बिफिडोबॅक्टेरियम इन्फन्टिस’चा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा नेमक्या याच शर्करा पचवणाऱ्या जनुकांचा मोठा पुंजका त्यात सापडला. बाळासोबत आई या जिवाणूलाही भरवत असते!

जनुकसंच धोकाही दाखवतो. अँटिबायोटिकला दाद न देणारी जनुके वाणात असतील आणि ती इतर जिवाणूंकडे जाऊ शकत असतील, तर रोगजंतूंच्या हाती आयतेच शस्त्र पडते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांना एक इशारा दिला. एक किलोपेक्षा कमी वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे बाळ प्रोबायोटिक दिल्यानंतर जंतुसंसर्गाने दगावले होते. संसर्ग करणारा जिवाणू त्या उत्पादनातलाच होता, हे जनुकीय तुलनेतून दिसले.

म्हणून प्रोबायोटिक वाईट का? मुळीच नाही. ओडिशाच्या खेड्यांतील साडेचार हजारांवर नवजात बाळांवरील चाचणीत ‘लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम’च्या एका वाणाने जंतुसंसर्ग आणि मृत्यूंचे प्रमाण लक्षणीय घटले. ती बाळे मात्र दोन किलो किंवा त्याहून अधिक वजनाची होती. कोणता वाण आणि कोणाला, यावर सारे अवलंबून आहे.

प्रजाती, वाण आणि मुदत संपेपर्यंत टिकणारी जिवंत जिवाणूंची संख्या लेबलवर असावी, असे आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०११ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. माझ्या मते एवढ्यावर थांबू नये. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वाणाचा जनुकसंच कंपन्यांनी जाहीर करावा. तोवर आपण एवढे करू : नावापुढे वाणाचा क्रमांक नसेल, तर पाकीट परत ठेवू. अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोबायोटिक देऊ नये.