डोंगरांचेही दप्तर असावे

परभणी जिल्ह्यातील गुंठ्यागुंठ्याची नोंद सातबाऱ्यावर सापडते, पिकांची पाहणीही तलाठ्याच्या दप्तरात उतरते. परंतु ज्या कातळाची झीज होऊन आमची काळी कसदार माती निर्माण झाली, त्या कातळाच्या रूपाचा दाखला मात्र कोठेच मिळू नये, ही मोठी विसंगती होय. जिंतूर तालुक्यात येलदरीच्या वाटेने जाताना अथवा नेमगिरीच्या जैन लेण्यांची टेकडी चढताना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हारसाचे हे पाषाण पाहावे, आणि त्याच पाषाणाची खडी होऊन ती सडकांखाली जाते, हेही स्मरावे.

हे डोंगर आज आहेत तसे मोठ्या फिल्मच्या, जुन्या घडणीच्या कॅमेऱ्याने टिपून ठेवावेत, अशी माझी सूचना आहे. तिपाईवरचा तो भात्याचा कॅमेरा, काळ्या फडक्याखाली डोके घातल्यावर दुधी काचेवर दिसणारा उलटा डोंगर, आणि एका वेळी ४ बाय ५ इंचांची एकच फिल्म, हा खटाटोप मोबाइलच्या काळात हास्यास्पद वाटेल. तथापि त्या फिल्मचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीच्या सुमारे १५ पट असते, आणि भिंग किंचित पुढे झुकवले, की पायाशी पडलेल्या धोंड्यापासून क्षितिजावरच्या कड्यापर्यंतचा सारा विस्तार रेखीव उतरतो. शिवाय फिल्म महाग असल्यामुळे, ऊन तिरपे होऊन दोन थरांमधली सांध उठून दिसेपर्यंत छायाचित्रकाराला थांबावेच लागते. आणि जो थांबतो, तोच नीट पाहतो.

हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी लाला दीनदयाळ यांना दरबारी छायाचित्रकार नेमले; त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आजही सुरक्षित आहेत. दरबाराने जे वैभवासाठी केले, ते लोकशाहीने मातीसाठी का करू नये? १९७२ साली स्थापन झालेल्या येथील कृषी विद्यापीठाने या फिल्मचे दप्तर सांभाळावे, प्रत्येकीवर गाव, गट नंबर, दिशा व तारीख लिहावी. आणि खाणपट्टा मंजूर करण्यापूर्वी त्या टेकडीचे एक चित्र दाखल करण्याची अट महसूल खात्याने घालावी. टेकडी गेल्यावर पंचनामा करून काय उपयोग?