विश्लेषण : प्रेक्षागृहात अंधार, मग वादक वाचतात कसे? आणि स्टँडवरच्या दिव्याचा खर्च कोणाचा?

तिसरी घंटा होते, मोबाइल बंद ठेवण्याची विनंती होते आणि प्रेक्षागृहातले दिवे मालवतात. समोर बसलेल्या शेकडो प्रेक्षकांना त्यानंतर काहीही वाचायचे नसते. ऑपेरा, बॅले किंवा म्युझिकल असेल तर रंगमंचाच्या पायथ्याशी, खड्ड्यासारख्या जागेत बसलेल्या वादकांचे वाचन मात्र तेव्हाच सुरू होते. जेमतेम सात-आठ मिलिमीटर उंचीच्या पाच रेघा, त्यांवरचे ठिपके, पेन्सिलीने केलेल्या बारीक खुणा हे सगळे दोन-तीन तास न चुकता वाचायचे आणि त्याच वेळी कंडक्टरच्या हातावरही नजर ठेवायची. हे जमते ते स्टँडला चिमट्याने लावलेल्या एका छोट्या दिव्यामुळे. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेवर लाखोंचा खर्च करताना कोणी हात आखडत नाही. हा दिवा मात्र अनेक ठिकाणी वादकाने घरून आणायची वस्तू मानली जाते.

आपल्याकडे हा प्रश्न फारसा ऐकू का येत नाही?

कारण आपले बहुतेक संगीत कागद समोर ठेवून वाजवले जात नाही. संगीत नाटकात ऑर्गन आणि तबल्याची साथ करणाऱ्यांची पदे पाठ असतात, नजर नटाकडे असते. पलुस्कर आणि भातखंडे यांनी स्वरलिपी रूढ केली, पण तिचा उपयोग शिकण्या-शिकवण्यापुरता राहिला. मैफलीत कागद समोर ठेवून रागविस्तार करणारा गवई कोणी पाहिलेला नाही.

पण महाराष्ट्र आणि गोव्यात कागदावरून वाजवणाऱ्यांचीही मोठी परंपरा आहे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्टाफ नोटेशन आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून मुंबईत आलेल्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे अरेंजर प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर लिहून देत. १८९२ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या कोंकणी तियात्रात ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा रंगमंचासमोरच बसतो. मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ आहे. शिवाय नाताळच्या मध्यरात्रीच्या प्रार्थनेला मेणबत्त्यांच्या उजेडात कॅरल गाणारे चर्चचे गायकवृंद आहेत. या सगळ्यांना कधी ना कधी अंधारात कागद वाचावा लागतो.

मेणबत्तीच्या काळात काय होते?

स्टँडवरच्या उजेडाची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट १७७२ ची आहे. जोसेफ हायडन तेव्हा हंगेरीतल्या एस्टरहाझी राजपुत्राच्या पदरी होता. राजपुत्राचा उन्हाळी महालातला मुक्काम लांबत चालला होता आणि बायकामुलांपासून दूर अडकलेले वादक कंटाळले होते. हायडनने ४५ वी सिम्फनी लिहिली. तिच्या शेवटी एकेक वादक आपला भाग संपवून स्टँडवरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. अखेर दोन व्हायोलिने उरतात. राजपुत्राला इशारा कळला आणि दुसऱ्या दिवशी दरबार परतीला निघाला, असे सांगतात. स्टँडवरचा दिवा चालू म्हणजे काम चालू, हे मालकालाही ठाऊक होते, म्हणूनच तो मालवणे हे निषेधाचे हत्यार होऊ शकले.

त्या उजेडाचा हिशेब करता येतो. एक प्रमाण मेणबत्ती एक फुटावर ठेवली तर कागदावर साधारण ११ लक्स उजेड पडतो. आज युरोपीय मानकानुसार कार्यालयात वाचन-लेखनासाठी ५०० लक्स लागतात. अर्थात हायडनच्या काळात श्रोत्यांच्या दालनातही झुंबरे पेटलेली असत. अंधारात बसून संगीत ऐकण्याची रीत तेव्हा पडलेली नव्हती.

ती रीत रुळवण्यात रिचर्ड वाग्नरचा मोठा वाटा आहे. १८७६ मध्ये बायरॉइटला त्याने स्वतःचे नाट्यगृह उघडले. तिथे प्रेक्षागृह काळोखे ठेवले आणि वाद्यवृंद रंगमंचाखाली, वर आच्छादन असलेल्या खोल खड्ड्यात बसवला. स्टँडवरच्या दिव्यांचा उजेड प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येऊ नये, हाही त्यामागचा एक उद्देश. पुढे १८८१ मध्ये लंडनचे सॅव्हॉय थिएटर पूर्णपणे विजेच्या दिव्यांनी उजळले आणि ज्योतीचा धोका मागे पडू लागला. बायरॉइटच्या खड्ड्यात उकाडा मात्र आजही असतो. कोणाला दिसत नसल्याने वादक कोट काढून, अगदी टी-शर्टवरही वाजवतात.

मोबाइलचा टॉर्च लावला तर चालत नाही का?

पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात हाच प्रश्न येतो. उजेडाचे एकूण प्रमाण पाहिले तर टॉर्च पुरेसा असतो. अडचण आहे ती उजेड पसरण्याची.

ए-फोर आकाराचे पान सुमारे ३० सेंटिमीटर उंच असते आणि दोन पाने उघडी ठेवली तर रुंदी ४२ सेंटिमीटर होते. वाद्यवृंदाच्या छापील प्रती बहुधा याहून मोठ्या असतात. आता पानाच्या वरच्या कडेला, कागदापासून १० सेंटिमीटर पुढे एकच लहान एलईडी आहे असे धरू. अंतर वाढले की उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, शिवाय किरण तिरके पडल्याने आणखी कमी होतो. दोन्ही परिणाम एकत्र धरले तर पानाच्या तळाच्या ओळीला वरच्या ओळीच्या जवळपास ३२ वा हिस्सा उजेड मिळतो. वरचे कागद पांढरेफटक, खालची ओळ काळोखात. तोच दिवा कागदापासून २० सेंटिमीटर पुढे आणला, तर ही तफावत ३२ पटींवरून सुमारे ६ पटींवर येते. दिव्याची शक्ती जराही न वाढवता, केवळ त्याची मान लांब केल्याने हा फरक पडतो.

म्हणूनच चांगल्या स्टँड लाइटची मान लांब आणि हवी तशी वळणारी असते. त्यात एका एलईडीऐवजी ओळीने अनेक एलईडी असतात, समोर दुधी काच किंवा प्लास्टिक असते आणि वर टोपीसारखी कड असते. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत ‘सुपर ब्राइट’ छापलेले असते. वादकासाठी हा निकष जवळजवळ निरुपयोगी आहे.

व्हायोलिन, व्हायोला, चेलो वाजवणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथे एका स्टँडवर दोघे वाचतात आणि आतल्या बाजूला बसणारा पान उलटतो. दिवा मधोमध असेल तर दोघांच्याही बाहेरच्या कडा अंधुक राहतात. एकाच्या बाजूला सरकवला तर दुसऱ्याचे पान जाते. त्यात गजाच्या दिशेच्या खुणा पेन्सिलीने केलेल्या असतात. शिसपेन्सिलीची रेघ करडी आणि किंचित चकचकीत असते, त्यामुळे चुकीच्या कोनातून उजेड आला की ती चमकते आणि दिसेनाशी होते. लाल पेन्सिलीची खूण तर रंगमंचावरचा लाल झोत कागदावर सांडला की कागदात विरघळून जाते, कारण त्या उजेडात पांढरा कागद आणि लाल रेघ दोन्ही सारखेच लाल दिसतात.

मग भरपूर उजेड दिला की झाले?

नाही. पान फार उजळ झाले तर डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि मान वर करताच कंडक्टर दिसत नाही. डोळ्याला उजेडातून अंधाराला पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात. वादकाला मात्र दर दोन सेकंदांनी वर-खाली पाहायचे असते. त्यामुळे कंडक्टरवर वरून एक छोटा झोत ठेवतात आणि रंगमंचावर पूर्ण अंधार झाला तरी तो विझवत नाहीत. पडद्यामागून गाणाऱ्यांसाठी कंडक्टरचे चित्र कॅमेऱ्याने दाखवले जाते. अनेक ठिकाणी हा कॅमेरा इन्फ्रारेड असतो, म्हणजे काळोखातही हात दिसतो.

प्रेक्षकांच्या बाजूनेही विचार करावा लागतो. खड्ड्यातून पन्नास उघडे एलईडी बाल्कनीकडे रोखलेले असतील, तर प्रकाशयोजनाकाराने आठवडाभर खपून जमवलेला काळोख वाया जातो. मोठ्या नाट्यगृहांत म्हणून स्टँडवरचे दिवे तारेने एका डिमरला जोडलेले असतात आणि प्रसंगानुसार मंद करता येतात.

वयाचा मुद्दा तर बोललाच जात नाही. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक-तृतीयांश उजेड पोहोचतो. वीस वर्षांच्या मुलीला पुरेसा वाटणारा दिवा तिच्या शेजारच्या ज्येष्ठ वादकाला पुरत नाही. त्यावर ‘चष्मा बदला’ हा सल्ला सर्रास दिला जातो. दिवा बदला असे कोणी सुचवत नाही.

बॅटरी आणि लुकलुक

तार नको असेल तर बॅटरी आली. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पांढरा एलईडी त्याच निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन बनतो आणि इतकी कमी वीज खातो, की वाद्याच्या पेटीत मावणारा दिवा शक्य झाला. हिशेब सोपा आहे : ३.७ व्होल्ट, २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ७.४ वॉट-तास. दोन वॉट खाणारा दिवा कागदोपत्री पावणेचार तास चालेल, प्रत्यक्षात त्याहून कमी. वाग्नरच्या ‘गोटरडेमरुंग’चे नुसते वादनच चार तासांहून अधिक आहे.

बॅटरी संपण्याची तऱ्हाही वेगवेगळी. साधे अल्कलाइन सेल हळूहळू मंदावतात आणि वादकाला अंदाज येतो. लिथियम बॅटरीचे अनेक दिवे शेवटपर्यंत एकसारखे जळतात आणि अचानक मालवतात. पॉवर बँक जोडणाऱ्यांना तर वेगळाच अनुभव येतो. अनेक पॉवर बँका अगदी कमी वीज ओढली जात असेल तर ‘काही जोडलेलेच नाही’ असे समजून आपोआप बंद होतात. दिवा सर्वांत मंद ठेवलेला असतो तो नेमका हळुवार भागात, आणि तिथेच अंधार होतो.

स्वस्त दिव्यांची आणखी एक खोड म्हणजे लुकलुक. उजेड मंद करण्यासाठी एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद केला जातो. वेग पुरेसा असेल तर डोळ्याला कळत नाही. कमी असेल तर हलत्या गजाची सावली तुटक तुटक दिसते, काहींचे डोके दुखते आणि कार्यक्रमाच्या चित्रीकरणात पट्टे येतात. हे तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. दिवा मंद करून फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्याने त्याच्या उजेडातल्या पांढऱ्या कागदाचे चित्रीकरण करावे. कागद उघडझाप करताना दिसला किंवा त्यावर काळे पट्टे सरकले, तर तो दिवा परत करावा.

टॅबलेटमुळे प्रश्न सुटला का?

काही प्रमाणात. २०१२ मध्ये ब्रसेल्स फिलहार्मोनिकने कागदाऐवजी टॅबलेटवरून वाजवण्याचा प्रयोग केला. पियानोवादकांत आणि चौकड्यांत टॅबलेट आणि पान उलटण्याचे ब्लूटूथ पेडल आता नवलाईचे राहिलेले नाही. पण दोघांनी वाचण्यासाठी पडदा लहान पडतो, पडद्याचा उजेड थेट वादकाच्या चेहऱ्यावर येतो आणि स्वयंचलित ब्राइटनेस बंद करायचा राहिला तर रंगमंचावरच्या प्रत्येक झोताबरोबर पान उजळते-मावळते. मोठ्या वाद्यवृंदात कागद अजून बरीच वर्षे राहील.

मग खर्च कोणाचा?

साधा चिमट्याचा दिवा काही शे रुपयांत मिळतो, चांगला काही हजारांत. रक्कम लहान असल्यामुळेच ती वादकावर ढकलणे सोपे जाते. वाद्य, गज, रीड या वादकाच्या वस्तू, कारण त्याचा सूर त्यांवर अवलंबून असतो. खुर्ची आणि स्टँड या जागेच्या वस्तू. दिवा दुसऱ्या गटात मोडतो. तो लागतो, कारण आयोजकाने सभागृहात अंधार केला आहे.

व्यवहारही हेच सांगतो. प्रत्येकाने आपापला दिवा आणला की एक पिवळा, एक निळसर, एक बाल्कनीच्या डोळ्यांत जाणारा, असा बाजार भरतो आणि सगळे एकदम मंद करायची सोय राहत नाही. एका स्टँडवर दोघे असतील तर दिवा कोणी आणायचा? ज्याचा दिवा तो आजारी पडला, तर दुसऱ्याने काय करायचे? साठ जणांच्या वाद्यवृंदाला चाळीसच्या आसपास स्टँड लागतात. नग अडीच हजारांचा धरला तरी एकूण खर्च लाखभर रुपये होतो आणि हे दिवे वर्षानुवर्षे वापरता येतात. सभागृहाच्या भाडेपत्रकात माइक, पोडियम, पियानो यांच्या रांगेत स्टँड लाइटची एक ओळ घालणे अवघड नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. फिरस्त्या वादकाला स्वतःच्या दिव्याची सवय असते, चष्म्याचा नंबर वेगळा असतो. त्याने स्वतःचा दिवा जरूर आणावा. पण ती त्याची निवड असावी. नेमणुकीची अट असू नये.

दिवे कोणाचेही असोत, रंगीत तालमीत दहा मिनिटे प्रेक्षागृहाचे आणि खड्ड्यावरचे सगळे दिवे बंद करून वाजवून पाहायला काहीच खर्च येत नाही. शेवटच्या रांगेतल्या वादकांना कोणती ओळ दिसत नाही, पान उलटताना कोणाचा हात दिव्याआड येतो, कोणाचा उजेड थेट पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या डोळ्यांवर जातो, हे तेवढ्यात कळते. तालीम बहुधा सगळे दिवे लावून होते आणि हे दोष पहिल्या प्रयोगाच्या रात्री, तिसऱ्या घंटेनंतर उघडे पडतात.