सोनें, चांदी आणि अरिष्टाचा दिवस

२०२५ सालीं दहा ग्रॅम सोन्याचा भाव लाख रुपयांच्या पलीकडे गेला, आणि तेव्हांपासून सोलापुरांतील व्यापारी मंडळींत एकच मत ऐकूं येतें कीं, उद्यां आर्थिक अरिष्ट कोसळलें तर हाताशीं धातूच हवा. सबब असेल नसेल तो पैसा सराफाकडे नेऊन ठेवावा. असें म्हणणारांस आम्ही मूर्ख समजत नाहीं. ज्या शहरानें आपल्या गिरण्या एकामागून एक बंद पडतांना पाहिल्या, त्याला कागदी आश्वासनांचा भरंवसा वाटूं नये, यांत नवल तें काय? परंतु अरिष्टांत धातूची काय गत होते, याचा अनुभव या जिल्ह्यानें पूर्वीं घेतलेला आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. त्या काळीं कुणब्याची शिल्लक म्हणजे घरच्या बायकांच्या अंगावरील चांदी. धान्य महागलें तशी ती बाजारांत आली, आणि दागिने वितळण्यासाठीं मुंबईच्या टांकसाळीकडे जाऊं लागले. ज्या दिवशीं आपणांस विकावें लागतें, त्याच दिवशीं शेजाऱ्यासही विकावें लागतें. मग भाव ठरविणार कोण? तरीही त्या वेळीं एक आधार होता. टांकसाळ सर्वांस खुली असल्यामुळें चांदीची किंमत नाण्याच्या फार खालीं जात नसे.

तो आधार २६ जून १८९३ रोजीं सरकारनें कायद्यानें काढून घेतला. रुपयाचा दर सांवरून विलायतेस पाठवावयाच्या रकमांचा बोजा हलका करावा, हा त्यांतील हेतु. त्यामुळें रुपया सांवरला, आणि तोडे, वाळे, गोठ यांतील चांदी मात्र घसरली. सारा द्यावयाचा रुपयांत, शिल्लक चांदींत! पुढें १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ आले, तेव्हां त्याच वजनाच्या दागिन्यास पूर्वीइतके रुपये येईनात. घरांत चोर शिरला नव्हता, तरी गरिबाची पुंजी घटली होती.

तें राज्य परक्यांचें होतें, असें कोणी म्हणेल. पण स्वराज्यांतही १९६३ सालीं मोरारजी देसाई यांनीं सुवर्णनियंत्रण आणून १४ कॅरटहून अधिक कसाचे दागिने घडविण्यास बंदी केली, आणि १९६८ चा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० पर्यंत टिकला.

सोन्यानें कधींच तारलें नाहीं, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. सप्टेंबर १९३१ मध्यें इंग्लंडनें सुवर्णचलन सोडलें तेव्हां येथें सोन्याचा भाव चढला, आणि मंदीनें पिचलेल्या पुष्कळ कुळांनीं तें विकून सारा व सावकार भागविला. १९९१ सालीं खुद्द देशानें सुमारें ४७ टन सोनें बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांजकडे गहाण ठेवून आपली पत राखली.

तेव्हां घरांत बेताचें सोनें असावें. त्यास आमची ना नाहीं. पण मागाचें भांडवल मोडून, सूतवाल्याची उधारी थकवून, किंवा कर्ज काढून सोनें घेणें हा शुद्ध सट्टा होय. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत जें कोठार उघडल्याची कथा आपण सांगतों, त्यांतही धान्यच होतें! बँक बुडण्याचें भय ज्यांस वाटतें, त्यांनीं २०२० पासून एका बँकेंतील एका ठेवीदारास ५ लाखांपर्यंत विम्याचें संरक्षण आहे हें ध्यानांत धरून ठेवी दोन-तीन ठिकाणीं विभागाव्या. आणि सोनें घ्यावयाचेंच तर नक्षीच्या दागिन्याऐवजीं साधी वेढणी घ्यावी; घडणावळीचे पैसे मोडीच्या वेळीं परत मिळत नाहींत.