घरची शुश्रूषा – कुणाच्या जिवावर?

कॅन्सर हाताबाहेर गेला की डॉक्टर सांगतात, ‘आता घरी न्या, सेवा करा.’ घरी म्हणजे कुणाकडे? बायकोकडे, सुनेकडे, शाळा सुटलेल्या मुलीकडे. आणि आजारी बाईच असली तर? स्तनाच्या कॅन्सरची जखम चिघळून वास येऊ लागला की तिचं अंथरूण ओसरीवर जातं. ती सोसते. सोसायचं असतं, हेच तिला लहानपणापासून शिकवलेलं असतं.

पण आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करता येतो. यालाच पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. मेट्रोनिडॅझोलच्या गोळीची पूड जखमेवर टाकली तर दुर्गंधी कमी होते. मॉर्फिनची गोळीही महाग नाही. त्यासाठी लागणारी अफू आपल्याच देशात पिकते. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांचं असं जंजाळ झालं, की अनेक इस्पितळांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीनं नियम सोपे केले. तरीही खेड्यातल्या रुग्णाला ही गोळी सहजी मिळत नाही.

केरळनं वेगळी वाट दाखवली. १९९३ मध्ये कोझिकोडला एक क्लिनिक सुरू झालं, मग गावोगावी स्वयंसेवक उभे राहिले. २००८ मध्ये राज्य सरकारनं धोरण आणलं आणि पंचायतींच्या मदतीनं नर्स घरोघरी जाऊ लागल्या. गरीब माणसापर्यंत ही सेवा पोहोचू शकते, हे तिथं सिद्ध झालं.

तरी ‘घरी केलं की स्वस्त पडतं’ हे वाक्य आपण बायकांनी तपासून घ्यायला हवं. स्वस्त कुणाला? रात्रभर जागणारीची झोप, तिची बुडालेली मजुरी, तिची दुखरी कंबर कुठल्याच हिशेबात धरलेली नसते. गावात मदतीला येणारी ‘आशा’ही बाईच, आणि तिला सरकार कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हणतं!

म्हणून मैत्रिणींनो, दोन्ही मागण्या एकत्रच करायला हव्यात. ग्रामीण रुग्णालयात मॉर्फिन आणि ते देणारा प्रशिक्षित डॉक्टर हवा. गावात येणारी पगारी नर्स हवी. आशांना या कामाचे वेगळे पैसे आणि घरी सांभाळणारीला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळायला हवी. घरातल्या पुरुषांनीही अंग पुसणं, कूस बदलणं शिकायला हवं.

सुरुवात पुढच्या ग्रामसभेपासून करू या. आपल्या गावात किती जण अंथरुणाला खिळलेले आहेत आणि त्यांचं कोण करतं, एवढी यादी तरी घेऊन जाऊ या.