पंच नसलेला खेळ

‘आनंददायी शनिवार’ या शासकीय उपक्रमाची छायाचित्रे या आठवड्यातही शिक्षकांच्या व्हॉट्सॲप समूहांवर मुबलक आली, आणि त्यांतील मुले नेहमीप्रमाणे रांगेत उभी राहून, सूचनेबरहुकूम, आनंदी दिसत होती. खेळातून सामाजिक कौशल्ये, म्हणजे पाळी येईपर्यंत थांबणे, हार पचवणे आणि भांडण मिटवून पुन्हा एकत्र खेळणे, अंगी यावीत या हेतूविषयी वाद नाही. वाद आहे तो खेळ कोणाच्या हाती असावा याविषयी, मुलांच्या की शिट्टी वाजवणाऱ्या मोठ्यांच्या.

यवतमाळ जिल्ह्यातील केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा आणि त्याच शाळांतील मधली सुटी शेजारी ठेवून पाहावी. स्पर्धेत कबड्डीला एका बाजूने सातच गडी उतरतात, उरलेला वर्ग टाळ्या वाजवतो, आणि गडी बाद की नाही हे पंच ठरवत असल्याने तंटा मिटवण्याचे काम मुलांकडे उरतच नाही. मधल्या सुटीतील लगोरीत मात्र रचलेल्या ठिकऱ्या पाडणाऱ्या गटाला, अंगावर चेंडू बसण्याआधी, त्या पुन्हा रचायच्या असतात, आणि चेंडू पाठीला लागला की नुसता सदऱ्याला चाटून गेला यावर हमखास जुंपते. तरीही तो डाव पुन्हा घेण्याच्या तोडग्यावर प्रकरण लवकर मिटते, कारण रुसलेला गडी निघून गेला तर गट अपुरा पडतो, आणि चेंडू त्याचाच असला तर खेळच बंद होतो. पहिलीतल्या धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून, बाद न होण्याच्या सवलतीसह, घेतले जाते. स्पर्धेच्या नियमावलीला असे औदार्य परवडत नाही.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या निरीक्षणावरून १९३२च्या ग्रंथात मांडले होते की लहान मूल नियम मोठ्यांकडून आलेला व अढळ मानते, आणि बरोबरीच्या सवंगड्यांत वावरताना तो सर्वांच्या संमतीने बदलता येतो हे त्याला पुढे उमगते; लगोरीतला पुन्हा घेतलेला डाव हा त्याच उमगण्याचा भाग.

यवतमाळच्याच झरी जामणी, केळापूर भागातील पोडांवर, म्हणजे कोलाम समाजाच्या वस्त्यांवर, पंचाविना खेळण्याचा हा मुद्दा अधिकच लागू पडतो. तेथील द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीची मुले एकाच अंगणात असतात, आणि घरी कोलामी बोलणारे, धड्यातील मराठीपुढे गप्प बसणारे मूल आपण बाद नाही हे पटवण्यासाठी तरी तोंड उघडू शकते.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आहे, खेळसाहित्य आहे, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला ८०० अध्यापन तासही आहेत. त्यांपैकी शनिवारचा एक तास शिट्टी आणि मोबाइल दोन्ही कपाटात ठेवून मुलांना द्यावा, आणि त्या दिवशी छायाचित्राचा रकाना रिकामा आला तर केंद्रप्रमुखांनी खुलासा मागू नये.