मुद्रेचा खेळ आणि माणसाची पारख

शनिवारीं दुपारची घंटा झाली कीं वरच्या वर्गांतील विद्यार्थी व विद्यार्थिनी वाचनालयालगतच्या दालनांत गोलाकार बसतात, संस्कृतचे शिक्षक चिठ्ठ्या वांटतात, आणि एरव्हीं एका डब्यांतून खाणारीं मुलें पुढील तासभर परस्परांवर हेरगिरीचे आरोप करितात. या खेळाविषयीं आमच्याकडे दोन पत्रें आलीं आहेत. एका पालकांचें म्हणणें असें कीं, खोटें बोलण्याचे धडे शाळेंत मिळूं नयेत, सबब खेळ बंद करावा. दुसरें पत्र एका मातेचें आहे. आपला मुलगा दर शनिवारीं पहिल्यानेंच कां बाद होतो, एवढेंच त्यांनीं विचारलें आहे. पहिल्या पत्रापेक्षां हें दुसरें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटलें, म्हणून येथें थोडें सविस्तर लिहितों.

मूळ खेळ रशियांतला. इ. स. १९८६ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागांत दिमित्री दाविदोव यांनीं तो बसविला व त्यास 'माफिया' हें नांव दिलें. पुढें १९९७ सालीं अँड्र्यू प्लॉटकिन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें माफियाच्या जागीं रात्रीं लांडगा होणारीं माणसें घातलीं. २०१८ सालीं निघालेल्या 'अमंग अस' या मोबाइलवरील खेळाची कल्पनाहि याच कुळांतली, हें आमच्या धाकट्या वाचकांना सांगावयास नकोच. सोंगें बदललीं तरी सांगाडा एकच आहे: थोड्यांना सर्व ठाऊक, आणि पुष्कळांना कांहींच ठाऊक नाहीं.

आमच्या येथें या सांगाड्यावर विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकाचा पेहराव चढविला आहे. मगधावर चालून निघालेल्या मलयकेतूची छावणी हें स्थळ. राक्षस, शकटदास, चंदनदास अशीं नांवें चिठ्ठ्यांवर असतात, आणि पंधरा जणांपैकीं तिघांच्या चिठ्ठीवर ते चाणक्याचे हेर असल्याची खूण असते. सूत्रधार 'रात्र झाली' म्हणतांच सर्वांनीं डोळे मिटावयाचे. हेर तेवढे डोळे उघडतात, एकमेकांस ओळखतात, व खुणेनें एकाला निवडतात. दिवस उजाडतो तों तो गडी बाद झालेला असतो. दिवसां उरलेल्यांनीं वाद करून ज्याचा संशय येईल त्यास बहुमतानें छावणीबाहेर काढावें आणि त्याची चिठ्ठी उघडावी. तिन्ही हेर सांपडले तर राक्षसाचा पक्ष जिंकला; हेर इतरांच्या बरोबरीस आले तर चाणक्य जिंकला.

बहुधा चाणक्यच जिंकतो. याचें नवल वाटावयास नको. २००८ सालीं तिघा गणितज्ञांनीं या खेळाचें गणित मांडलें. त्यांत असें निघालें कीं, हेरांची संख्या एकंदर गड्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत ठेवली तरी सामना अटीतटीचा होतो. म्हणजे गडी चौपट झाले तर हेर दुप्पटच पुरतात. एकमेकांस ओळखणाऱ्या मूठभरांचें बळ एवढें असतें! परंतु गणितांतले गडी निदान डोकें शांत ठेवून चिठ्ठ्या उचलतात. आमचे गडी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात, आणि तेथेंच घात होतो.

'त्यानें नजर चुकविली.' 'तिचा आवाज कांपला.' 'तो उगाच हंसला.' पुढच्या शनिवारीं तोच मुलगा हंसला नाहीं, तर 'आज गप्प कां?' छावणीबाहेर काढतांना दिलेलीं कारणें आम्ही बरेच दिवस ऐकत आलों आहों. त्यांतील बहुतेक याच मासल्याचीं असतात. चेहऱ्यावरून खोटें ओळखतां येतें हा समज केवळ मुलांचा नाहीं. वडील माणसेंहि तो बाळगतात, आणि शिक्षकमंडळी तर विशेषच! पण २००६ सालीं बाँड व डीपॉलो या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं या विषयावरील २०६ निबंधांतील प्रयोगांचा एकत्र हिशेब केला. २४,४८३ माणसांपुढें, कोणतेंहि विशेष साधन हातीं न देतां, दुसऱ्यांचें बोलणें ठेवलें होतें, आणि तें खरें कीं खोटें एवढेंच त्यांनीं सांगावयाचें होतें. त्यांचीं उत्तरें शेंकडा ५४ बरोबर आलीं. नाणें उडवून ठरविलें असतें तरी शेंकडा ५० बरोबर आलींच असतीं.

त्या मातेच्या प्रश्नाचें उत्तर येथें आहे. त्यांचा मुलगा याच वर्षीं शाळेंत आला. त्याची बोली निराळी आहे, त्यामुळें तो चारचौघांत अडखळत बोलतो, व बोलतांना खालीं पाहतो. पहिल्या दिवशीं कोणाविषयींच कांहीं माहिती नसते. अशा वेळीं मुलें संशयाला जागा शोधूं लागतात, आणि ती जागा आपल्याहून वेगळा दिसणारा किंवा वेगळा बोलणारा जो असेल त्याच्यापाशीं सांपडते. त्याची चिठ्ठी उघडतात, ती निर्दोष निघते, 'अरेरे' म्हणतात, आणि पुढच्या शनिवारीं पुनः तोच. इकडे वादविवाद-स्पर्धेंत बक्षिसें मिळविणारा विद्यार्थी हेर असला तर शेवटपर्यंत टिकतो, कारण तो स्वच्छ व निर्भय बोलतो. स्वच्छ बोलणें हा सरावाचा गुण आहे. तो सचोटीचा दाखला म्हणून खपूं लागला म्हणजे सराव नसलेल्यांनीं जावें कोठें?

मुलांनीं ज्या नाटकाचीं नांवें घेतलीं त्या नाटकाकडेच जरा नीट पाहावें. पांचव्या अंकांत सिद्धार्थक नांवाचा मनुष्य परवान्याशिवाय छावणीबाहेर जातांना पकडला जातो. त्याच्यापाशीं राक्षसाच्या मुद्रेचें पत्र व दागिन्यांची पेटी सांपडते. मार बसल्यावर तो 'कबूल' करितो कीं राक्षसानें आपणांस चंद्रगुप्ताकडे पाठविलें. मलयकेतु कांहीं अगदींच मूर्ख नाहीं. तो पुरावा तपासतो. पत्राचें अक्षर शकटदासाच्या दुसऱ्या लेखाशीं ताडून पाहतात, तें जुळतें. मुद्रा राक्षसाचीच असते. दागिने तर मलयकेतूनें स्वतःच्या अंगावरून काढून राक्षसास धाडलेलेच निघतात. यांतील एकहि वस्तु बनावट नाहीं. अक्षर खरें, मुद्रा खरी, दागिने खरे. आणि या तिन्हींवरून मलयकेतूनें काढलेला निष्कर्ष साफ खोटा. आपल्या एकुलत्या एका कर्त्या मंत्र्याला तो हांकून देतो, मित्र राजांना मारवितो, व लवकरच शत्रूच्या हातीं सांपडतो.

त्यानें एकच गोष्ट विचारली नाहीं. हा सर्व पुरावा आपल्यापुढें आणला कोणीं? सिद्धार्थक चाणक्याचा माणूस. आणि राजाच्या कानाशीं बसून प्रत्येक वस्तूचा अर्थ समजावून देणारा भागुरायण, तोहि चाणक्याचाच. राक्षसाच्या चेहऱ्याची, बोलण्याची, दागिन्यांची छाननी झाली. ज्यांच्या हातून पुरावा आला त्या हातांची झाली नाहीं.

राक्षसाचीहि चूक याच जातीची आहे. सिद्धार्थकानें शकटदासाला वधस्थानावरून पळवून आणलें, म्हणून राक्षसानें त्यास आपलासा केला. मलयकेतूनें धाडलेले तेच दागिने अंगावरून काढून बक्षीस दिले. ज्यानें आपल्या मित्राचा जीव वांचविला त्याच्यावर संशय कसा घ्यावा? पण तो जीव धोक्यांत घातला होता चाणक्यानें, आणि 'वांचविला' तोहि त्याच्याच हुकुमानें. आमच्या दालनांतला एक डाव येथें आठवतो. हेराची चिठ्ठी लाभलेल्या एका मुलीनें दुसऱ्या दिवशीं आपल्याच सोबत्याचें नांव पुढें केलें व त्यास बाहेर काढविलें. त्याची चिठ्ठी उघडतांच टाळ्या पडल्या. त्यानंतर तिच्याकडे कोणीं बोट दाखविलें नाहीं, आणि डाव तिनें जिंकला. तिनें नाटक मन लावून वाचलें होतें, असें संस्कृतचे शिक्षक अभिमानानें सांगतात.

मग भरंवसा ठेवावा तो कशावर? नाटकांत ज्याच्या निष्ठेविषयीं कोणासच शंका उरत नाहीं असा एक चंदनदास आहे. तो फारसा बोलत नाहीं. राक्षसाच्या बायकामुलांस त्यानें आश्रय दिला आहे, त्यांना स्वाधीन करण्यास तो नकार देतो, आणि त्या नकाराची किंमत म्हणून वधस्थानाकडे चालूं लागतो. आमच्या मतें खेळांतहि पाहण्यासारखी गोष्ट हीच: कोणत्या बोलण्यासाठीं कोणाला काय द्यावें लागलें. सगळे एकाला काढावयास निघाले असतां 'मला पटत नाहीं' म्हणणारा गडी संशय स्वतःवर ओढून घेतो. बहुमतांत शेवटीं मिसळणाऱ्याला कांहींच द्यावें लागत नाहीं. आणखी एक. चिठ्ठी उघडल्यानंतरचें शहाणपण कोणालाहि सुचतें, पण ती उघडण्यापूर्वीं कोण काय म्हणाला, कोणीं कोणाला मत दिलें, कोणीं ऐन वेळीं मत फिरविलें, हें फार थोड्यांच्या ध्यानांत राहतें. हेरालाहि मत द्यावेंच लागतें, आणि त्या मतांचा मेळ त्याच्या आजच्या गोड बोलण्याशीं नेहमींच बसतो असें नाहीं.

हें सर्व केलें तरी फसवणूक होईलच. चंदनदासासारखें वागून दाखविणारा हेर निपजणार नाहीं असें थोडेंच आहे? पण चुकलों कोठें हें वहींत सांपडेल. चेहरे पाहून चुकलेल्याला तेंहि सांपडत नाहीं.

दुसऱ्या एका गांवच्या वसतिगृहांत घडलेली हकीकत आमच्या कानांवर आहे. तेथें हाच खेळ निराळ्या नांवानें चाले, आणि एक मुलगा हेराचें काम फार बेमालूम करीत असे. एके दिवशीं एकाच्या फीचे पैसे नाहींसे झाले. 'तो किती सहज खोटें बोलतो हें आपण पाहिलेंच आहे', असें कोणीतरी म्हणालें, आणि त्या मुलाची पेटी सर्वांदेखत उपसली गेली. दोन दिवसांनीं पैसे ज्याचे त्याच्याच अंथरुणाच्या घडींत मिळाले. क्षमा मागितली गेली असें ऐकतों. तो मुलगा मात्र वर्ष संपतांच वसतिगृह सोडून गेला. डावांत चिठ्ठीनें दिलेलें काम त्यानें चांगलें केलें होतें, त्याची ही शिक्षा!

या हकीकतीमुळेंच पहिलें पत्र लिहिणाऱ्या पालकांची काळजी आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. पण खेळांतल्या खोटेपणाला आमची हरकत नाहीं. स्नेहसंमेलनांत दुःशासन झालेल्या मुलाला आपण दुष्ट म्हणत नाहीं. येथेंहि कोणीतरी खोटें बोलणार हें प्रत्येकानें बसण्यापूर्वींच मान्य केलेलें असतें. आमची हरकत आहे ती निराळ्याच एका गोष्टीला. डाव अंगाशीं आला कीं कांहीं मुलें 'आईशपथ, मी हेर नाहीं' म्हणतात. कांहीं 'इतक्या वर्षांची आपली मैत्री, आणि तूं माझ्यावर संशय घेतोस?' असें विचारतात. हा खेळ नव्हे. घरचा व मैत्रीचा भरंवसा खऱ्या आयुष्यांत जमविलेला असतो, आणि तो शनिवारच्या एका डावांत उधळला जातो. मित्राची शपथ एकदां खोटी निघाली म्हणजे सोमवारीं वर्गांत ती कितीशी चालेल? यासाठीं खेळ बंद करण्याची गरज नाहीं. शपथ बंद केली म्हणजे पुरे.

सूत्रधारांशीं बोलून पुढील सत्रापासून कांहीं नियम ठरविले आहेत. शपथ घेणारा किंवा मैत्रीची आठवण देणारा गडी त्या डावापुरता बाद. मत देण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें कारण एका ओळींत लिहून द्यावें. त्यांत चेहरा, आवाज, नजर किंवा बोली यांचा उल्लेख असल्यास तें मत धरलें जाणार नाहीं. पहिल्या दिवशीं कोणासच बाहेर काढावयाचें नाहीं. यामुळें हेरांना एक रात्र फुकट मिळते हें आम्हांस ठाऊक आहे, आणि डाव आणखी अवघड होईल अशी तक्रार वरच्या वर्गानें आतांच केली आहे. होऊं द्या. मतांची वही राखण्याचें काम, आईच्या पत्रामुळें ज्याचा उल्लेख वर आला त्या विद्यार्थ्यानें आपण होऊन मागून घेतलें आहे. त्याचें अक्षर उत्तम आहे, आणि वही राखणाऱ्यालाहि चिठ्ठी मिळतेच, हें इतरांनीं विसरूं नये.

पालकांस विनंति इतकीच कीं, सत्र सुरू झाल्यावर एखाद्या शनिवारीं सवड काढून त्यांनीं दालनांत यावें. नुसतें पाहत बसण्याची व्यवस्था नाहीं. येणाऱ्यासहि चिठ्ठी घ्यावी लागेल.